बाबांनी पाहिलेलं नागपूर

गल्लीच्या तोंडाशी सायकलरिक्षा थांबली. बाबा उतरले, वळकटी खांद्याला लावली आणि तिथंच उभे राहिले. मी ट्रंक उचलून चार पावलं पुढं गेले, तरी ते हलेनात. त्यांची नजर ओट्याओट्यांवरून सावकाश फिरत होती, एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर. गावात कुठं घरफोडी झाली की पंचनाम्याआधी ते असेच उभे राहायचे.

काय पाहता म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "ओटे. चाल पुढं."

बाबा आमच्या गावचे पोलीस पाटील होते. दर्यापूरच्या पुढं, पूर्णेच्या खोऱ्यात आमचं गाव. गावात काही वाकडं घडलं की ठाण्यात वर्दी द्यायची, परक्या माणसावर लक्ष ठेवायचं, भांडणं वेळीच मिटवायची, हे पोलीस पाटलाचं काम. सरकार त्याबद्दल जे देई ते बाबांच्या पानसुपारीलाही पुरत नसे, पण त्या पाटीलकीचा त्यांना भारी अभिमान. आपल्या गावात माणूस दाराला कडी न लावता झोपतो, हे ते पाहुण्यारावळ्यांना हटकून सांगत.

मी मॅट्रिक झाले होते आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून माझी निवड झाली होती. सोमवारी नागपूरला रुजू व्हायचं होतं. आमच्या घरात तोवर कुठल्याच बाईनं नोकरी केली नव्हती, त्यातून ह्या नोकरीत आळीपाळीनं संध्याकाळची ड्युटी. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, ऐकूनच उसळले. घरात चालायचं त्यांचं. अंजनगावकडचं एक स्थळ त्यांनी मनात धरून ठेवलं होतं, आणि त्या लोकांना दिवाळीच्या आत बार उडवायचा होता. मी रडले, जेवण सोडलं, आईनं मला आणि मोठ्या बाबांना दोघांनाही समजावून पाहिलं. शेवटी बाबा बैठकीत म्हणाले, मी स्वतः नागपूरला जातो, दोन दिवस राहतो आणि शहर कसं आहे ते डोळ्यांनी पाहून येतो. मोठे बाबा कबूल झाले, पण अट घालून. तू पाटील आहेस, म्हणाले, एक जरी चोरीचपाटी तुझ्या डोळ्यांना दिसली, तर पोरीला संगं घेऊनच ये. बाबांनी शेगावची आण घेतली. जे पाहीन ते सांगीन, म्हणाले.

मला त्यांचा राग आला होता. माझ्या बाजूनं एक शब्द न बोलता ह्यांनी गुन्हेगार शोधायला जावं तशी माझी नोकरी तपासायला घेतली, असं मला वाटलं.

आता ओट्यांचं सांगते. बाबांचा माणसांच्या सांगण्यावर विश्वास नव्हता. गाव कसं आहे विचारलं तर कोणीही चांगलंच सांगणार, म्हणून विचारायचंच नाही. दुपारच्या वेळी, सगळे आत असताना, लोक ओट्यावर काय काय सोडून जातात ते पाहायचं. पाण्याचा पितळी गुंड बाहेर राहतो का, चपला बाहेर आहेत का, सायकलीला कुलूप आहे का, वाळवणाला राखण आहे का. शेजारच्या गावात बदली झालेला नवा फौजदार एकदा त्यांना हसला होता, आणि बाबांनी त्याला एका दुपारी सहा गावचे ओटे दाखवून कुठल्या गावात वर्षभरात किती चोऱ्या झाल्या असतील ते बिनचूक सांगितलं होतं. ही गोष्ट आमच्या घरी लग्नकार्यात अजून सांगतात.

आणि ही गोष्ट जिला तोंडपाठ होती ती बाबांची धाकटी बहीण, माझी कौतिका आत्या, त्याच गल्लीत राहत होती. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मी तिच्याकडंच राहणार होते, आणि मी यावं म्हणून तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. आम्ही येणार हे कळल्याबरोबर तिनं काय केलं, तर पदर खोचून सगळी गल्ली पालथी घातली. दारोदार जाऊन सांगितलं, माझा भाऊ येतो आहे, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, दोन दिवस तुमचं सामान जरा बाहेर राहू द्या.

गल्लीनं तिचं ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. आम्ही आत शिरलो तेव्हा एका ओट्यावर पितळेचे तीन गुंड एकावर एक रचलेले, दुसऱ्यावर घासूनपुसून लख्ख केलेला स्टोव्ह. खाटांवर पापड, कुरड्या, आणि पावसाळा संपतो न संपतो तोच मिरच्यासुद्धा. कोणाचा रेडिओ खिडकीतून बाहेर येऊन बसलेला. लोहकरेबाईंनी तर शिलाई मशीनच उचलून ओट्यावर आणून ठेवलं होतं, वर कापड घालून. दुकानात मांडतात तशी गल्ली मांडलेली होती. बाबा त्या मशीनपाशी क्षणभर थांबले, कापडाचं टोक उचलून पाहिलं, परत नीट घातलं आणि पुढं झाले.

आत्यानं मला चुलीपाशी ओढून सगळं कानात सांगितलं. मला हसू आवरेना. ती मात्र घाबरलेली होती. समोरच्या गभण्यांच्या सायकलीचं तिला विशेष कौतुक वाटत होतं. "बाकी सगळं ठीक आहे," ती म्हणाली, "पण दादा पाहते तं सायकलच पाहते. गभण्यांनी माझ्यासाठी ती उघडी ठेवली, पमे. त्यांचे उपकार विसरू नको."

श्रावण गभणे मिलमध्ये होते. पहिल्या पाळीला जायचे आणि तिसऱ्या प्रहरी परत यायचे. मिल गल्लीपासून लांब, चांगली तासाभराची पायपीट. त्यांच्याकडं ती एकच सायकल, काळी, मोठ्या कॅरियरची, हँडलला लाल गोंडे लावलेली. दोन दिवस ती घरी ठेवून, कुलूप काढून, ओट्याला टेकवून ते पायी मिलला जात होते. आमच्यासाठी. मला अजून त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

शुक्रवारचा दिवस बरा गेला. बाबा सकाळी आणि संध्याकाळी पायीच हिंडून आले. माझं ऑफिस पाहिलं, ऑफिसपासून घरापर्यंतचा रस्ता दोनदा चालून पाहिला, दिवेलागणीला त्या रस्त्यावर कोणती दुकानं उघडी असतात तेही पाहिलं. घरी आले की आत्याच्या ओट्यावर बसायचे, अडकित्त्यानं सुपारी कातरत. गल्लीतली माणसं येता-जाता रामराम करायची. आत्या दर घडीला मला डोळ्यांनी खुणावायची, जमलं म्हणून.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. बाबा बाहेर जाऊन बसले. मी आणि आत्या आत तांदूळ निवडत होतो. गल्लीत चिडीचूप होतं. अडकित्त्याचा कटकट आवाज येत होता, मग तो थांबला. आत्या म्हणाली, डोळा लागला असेल, रात्रीही त्याला झोप नव्हती. आम्ही आवाज न करता तांदूळ निवडत राहिलो.

तिसऱ्या प्रहरी गभणे परत आले. मी दारातच होते म्हणून सगळं दिसलं. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, हातात डबा. आपल्या ओट्याशी आले आणि थबकले. सायकल नव्हती. त्यांनी घराच्या बाजूला डोकावून पाहिलं, मागं गेले, परत आले. तोंडातून आवाज निघणार, तेवढ्यात त्यांची नजर आमच्या ओट्यावर गेली. बाबा तिथं बसलेले होते, मान खाली घालून. आत्या माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं दोन्ही हात जोडले.

मी तो चेहरा कधी विसरणार नाही. गभण्यांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग घराच्या आत तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते बायकोला म्हणाले, "सुभद्रे, भाचा येऊन गेला वाटते. सायकल घेऊन गेला ना? बरं झालं, त्याले सांगतलंच होतं मी." आतून उत्तर आलं नाही. ते डबा घेऊन आत गेले.

माझे डोळे भरून आले. एका अनोळखी माणसानं माझ्यासाठी आपली चोरी पोटात घातली होती. आत्या पदरानं तोंड झाकून आत जाऊन बसली. लोकांना सामान बाहेर ठेवा म्हणून सांगणारी ती, त्यामुळं तिला तर घास गिळवेना. गभण्यांना आता काय तोंड दाखवू, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तरी त्याहून मोठी भीती आम्हा दोघींना वेगळीच होती. बाबांनी दोन दिवसांत गल्लीतली चप्पलसुद्धा नजरेतून सोडली नव्हती. समोरची सायकल दिसेनाशी झाली आणि त्यांनी तिच्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. म्हणजे त्यांना कळलं होतं.

संध्याकाळी ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले. आत्यानं जिरं घालून ताक केलं, तेही तसंच राहिलं. मी माझी ट्रंक उघडली आणि बाहेर काढलेले कपडे पुन्हा आत भरले. टेलिफोन खात्याचं बोलावणं आलं त्या दिवशी आईनं घेऊन दिलेली निळी साडी सगळ्यात खाली ठेवली. अंजनगावचं ते स्थळ मी पाहिलेलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण मला तिथं जायचं नव्हतं, बस्स एवढंच. एवढंसुद्धा माझ्या घरात कोणाला सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळी बाबांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली आणि आत्याला आणि मला समोर बसवलं. मी ट्रंकेच्या कडीला हात लावूनच बसले होते.

"पमी इथं राहीन," ते म्हणाले. "उद्या कामावर जाईन. मोठ्या भावाले मी सांगतो. दोन दिवस होतो, काही वाईट पाह्यलं नाही."

आत्याला रडूच कोसळलं. मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तो लगेच काढून घेतला. मग आत्याला म्हणाले की त्या बाईला शिलाई मशीन आत घ्यायला सांग, दवानं गंजून जाईल. माणसं रोजच्या वापरातलं मशीन ओट्यावर ठेवत नाहीत, हे सांगतानाही त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. ही मांडामांड कोणी केली, कशासाठी केली, आणि कुलूप कोणासाठी निघालं, तेही.

मला वाटलं, आता निघायची तयारी करतील. ते उठले आणि सरळ समोर गभण्यांकडं गेले. मी मागं गेले, आत्याही आली. रविवार असल्यामुळं गभणे घरी होते, ओट्यावर पाय सोडून दाढी करत बसले होते. त्यांनी घाईनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि पाटील या, बसा, असं म्हणाले. बाबा बसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना देवळाबाहेर कोणासमोर टोपी काढताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"तुमची सायकल भाच्यानं नाही नेली," ते म्हणाले.

गभण्यांनी आत्याकडं पाहिलं. अजूनही त्या भल्या माणसाला वाटत होतं की आमचं काम बिघडू नये. नेली हो, त्यानंच नेली, त्याची परीक्षा आहे, असं काहीतरी ते बोलू लागले.

"मी समोर बसलो होतो," बाबा म्हणाले. "एक पोरगा आला. निळा सदरा. जाता जाता थांबला, माझ्याकडं पाहून रामराम केला अन् सायकल काढली. घरचाच असावा असं सावकाश. मले तेव्हाच समजलं. चाळीस वर्षं हेच पाहत आलो मी. मी उठलो होतो, गभणेजी."

पुढचं वाक्य त्यांना काही केल्या सुचेना. ते दाराच्या आतून आलं. सुभद्राबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात पदराला पुसत.

"मंग बसले तुम्ही," त्या म्हणाल्या.

बाबांनी मान वर केली.

"मी खिडकीत होती, भाऊ," सुभद्राबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, जे झालं ते सांगावं तशा. "तुम्ही उठले. एक पाय खाली ठेवला. हात वर केला, आता आवाज देता असं वाटलं मले. मंग तुम्ही मागं वळून कौतिकाबाईच्या दाराकडं पाह्यलं. लेक आत होती तुमची. मंग बसले."

"तुम्ही काऊन नाही ओरडल्या?" बाबांनी विचारलं. विचारताना ते अगदी लहान झाले होते.

"तुम्ही बसले म्हणून. म्हटलं, पाटील असून हा माणूस गप बसला, तं त्याले पोरगी किती इथं ठेवायची असन. मी ओरडली असती तं ते गेली असती ना वापस."

त्या घटकेला मला जे कळलं ते मी आयुष्यभर उगाळत आले आहे. मला वाटत होतं बाबा मला परत नेण्यासाठी चोरी शोधत आहेत. ती शोधायची त्यांना गरजच पडली नव्हती. ती त्यांच्यासमोर चालत आली, त्यांना रामराम घालून गेली, आणि तिच्याकडं त्यांनी पाठ फिरवली. पोलीस पाटलानं, शेगावची आण घेतलेल्या माणसानं. माझ्या बाजूनं एक शब्द बोलत नाहीत म्हणून मी ज्यांच्यावर चिडले होते, त्यांनी माझ्या बाजूनं तो एक शब्द गिळला होता.

पण हे झालं आमचं. गभण्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत होती की चोर कोणी पाहिलाच नाही. ते आधी बायकोकडं बघत राहिले. "तू पाह्यलं?" एवढंच म्हणाले. सुभद्राबाईंनी मान खाली घातली. मग ते बाबांकडं वळले. त्यांच्या गालावर अर्धवट पुसलेला साबण तसाच होता.

"पाटील, आवाज दिला असता तं सापडला असता तो," गभणे म्हणाले. "कोपऱ्यावर पानठेल्यापाशी दहा माणसं बसून राहते."

"हो," बाबा म्हणाले.

"सापडलाच असता."

"हो. सापडला असता."

एवढंच. ते ओरडले असते, चार शिव्या दिल्या असत्या, तर बाबांना सोसलं असतं. ह्या साध्या बोलण्यानं त्यांचे खांदे पडले. मी जवळ उभी होते आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मग बाबा म्हणाले की चला, आत्ता चौकीत चला, मी साक्ष देतो. पोरगा मी नीट पाहिला आहे, त्याच्या कपाळावर खोक आहे, मी त्याला हजारांत ओळखीन. गभणे लगेच उठले. पायांत चपलाही घातल्या. आणि तिथंच सुभद्राबाई म्हणाल्या, चौकीत पाटलांचं नाव लागलं, साक्ष झाली, की गावी कळल्याशिवाय राहील का. तुमचे मोठे भाऊ विचारतील, तू तर काही पाहिलं नाही म्हणालास. मग पोरीचं काय?

बाबा ओट्याखाली उभे, हातात टोपी. मी काय करायला हवं होतं ते मला आज स्पष्ट दिसतं, पण त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. गभण्यांनीही पाहिलं. मग गभण्यांनी चपला काढल्या, त्या उचलून पुन्हा जागेवर ठेवल्या आणि खाली बसले.

"राहू द्या," ते म्हणाले.

भरपाईचं बोलणं बाबांनी काढलं, ते त्यांनी वाक्य पुरं होऊ न देता थांबवलं. मी सायकल तुमच्या बहिणीच्या शब्दाखातर बाहेर ठेवली होती, विकायला नव्हती ठेवली, असं म्हणाले. ते खरं तर रागावले होते, आणि रागावायचा त्यांना पुरता हक्क होता. सुभद्राबाईंनी चहा केला. तो आम्ही सगळ्यांनी प्यायला, कारण न पिता उठणं आणखी वाईट दिसलं असतं.

नागपुरातली ती चोरी कुठंच नोंदली गेली नाही. दर वर्षी वर्तमानपत्रात छापून येतं, शहरात यंदा अमुक इतके गुन्हे घडले, गेल्या साली तमुक घडले होते, म्हणजे शहर सुधारलं किंवा बिघडलं. मी ते वाचते आणि पान उलटते. घरोघरी काय काय पोटात घातलेलं असतं ते मला माहीत आहे.

दुपारच्या गाडीनं बाबा निघाले. मी स्टँडवर सोडायला गेले. आत्या आली नाही, तिला बिछान्यावरून उठवेना. आदल्या दिवशीपर्यंत बाबा प्रत्येक चौकात थांबून इकडं तिकडं न्याहाळत होते. आता ते नाकासमोर चालत होते, आणि कोणी आडवा आला तर तेच बाजूला होत होते.

दर्यापूरची गाडी लागलेली होती. खिडकीतली जागा मिळाली. मी खाली उभी राहिले. गाडी सुटायला वेळ होता, म्हणून मी विचारलं की मोठ्या बाबांना खरंच काय सांगणार.

"सांगीन तेच. काही नाही पाह्यलं म्हणून." मग ते म्हणाले, "आजवर कोणी विचारलं का बाप्पा तुमचं गाव कसं आहे, तं मी छाती काढून सांगत होतो. आता कोणत्या तोंडानं सांगू? मी ज्या ओट्यावर बसलो होतो त्या ओट्यासमोरून माल गेला."

पाटीलकीचा राजीनामा त्यांनी महिन्याच्या आत दिला. डोळ्यांना नीट दिसत नाही असं कारण त्यांनी वर कळवलं, हे मला पुढं आईकडून कळलं. मोठे बाबा चिडले, घराण्याची पाटीलकी घालवली म्हणून बरीच वर्षं बोलून दाखवत राहिले. बाबांनी त्यांना कधी उत्तर दिलं नाही. नागपूरला ते माझ्याकडं पुष्कळदा आले, म्हणजे स्टँडपर्यंत. तूर, मूग, घरचं तूप माझ्या हातात द्यायचे, बाकावर बसून माझी चौकशी करायचे आणि पुढच्या गाडीनं परत जायचे. गल्लीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. गभणे दर वेळी विचारायचे, बाबा घरी काऊन नाही आले म्हणून, आणि मी दर वेळी काहीतरी वेगळं सांगायची.

पण त्या रविवारी हे सगळं पुढं होतं. त्या रविवारी मी खिडकीखाली उभी होते आणि बाबांचा चेहरा मला सोसवत नव्हता. कंडक्टरनं घंटी दिली. मी एकदम खिडकीचा गज धरला आणि म्हणाले की बाबा, मीही येते. मला नको ही नोकरी. आपण मोठ्या बाबांना खरं सांगू, गभण्यांबरोबर चौकीत जाऊ, तुम्ही साक्ष द्या.

मी ते मनापासून म्हणत होते. निदान त्या क्षणी तरी मनापासून. बाबांनी माझी बोटं गजावरून एकेक करून सोडवली.

"नाही, पमे," ते म्हणाले. "आता तू वापस आली, तं त्या माणसाची सायकल फुकट गेली."

गाडी हलली. मी ती वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले आणि मग आत्याच्या घरी आले.

सोमवारी मी निळी साडी नेसून, डबा घेऊन सकाळीच बाहेर पडले. नेमके त्याच वेळी गभणेही मिलला निघाले होते, पायी. आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर चाललो. मला त्यांच्याकडं मान वर करून बघवत नव्हतं, पण त्यांनीच बोलायला सुरुवात केली. संध्याकाळची ड्युटी लागली तरी घाबरायचं कारण नाही, असं त्यांनी मला सांगितलं. रस्त्यावर दुकानं उघडी असतात, पानठेल्यावर माणसं असतात, आणि आपलं नागपूर तसं चांगलं आहे. मी हो म्हणाले.